नाक, पडसें आणि श्वासाचें यंत्र



घोरण्याचा विषय आपल्याकडे नेहमीं थट्टेवारी नेला जातो. ज्याचें घोरणें माजघरांतून ओटीवर ऐकूं येतें त्याला झोंप गाढ लागते, असा सार्वत्रिक समज आहे, आणि कुंभकर्णाचें उदाहरण तर प्रत्येकाच्या जिभेवर तयारच असतें. परंतु ज्याचें घोरणें मध्येंच एकाएकीं थांबतें, दहावीस सेकंद श्वासाची चाहूलही लागत नाहीं, आणि मग बुडतां बुडतां वर आलेल्या माणसासारखी धाप टाकून जो पुन्हां घोरूं लागतो, त्याची झोंप गाढ नसते. ती रात्रभर तुकड्यातुकड्यांनीं तुटलेली असते. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तांतील प्राणवायु कमी होतो, मेंदू दचकून जागा होतो व वाट मोकळी करतो. झोंपणाऱ्याला सकाळीं याची आठवणही नसते. असे अडथळे तासाला पांच किंवा अधिक येऊं लागले म्हणजे विकार धरतात, आणि तीस झाले म्हणजे तो तीव्र समजतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, दिवसा पेंग येते. रात्रीं आंबा घाटांतून गाडी हांकणाऱ्यास ती पेंग कोठें नेईल हें सांगावयास नको.

हा विकार पाश्चात्य देशांतल्या लठ्ठ मंडळींचा, असेंही कांहीं जण म्हणतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनीं ३५ ते ६५ वर्षें वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा १९.५ जणांच्या श्वासांत झोंपेमध्यें अडथळे आढळले, आणि शेंकडा ७.५ जणांना दिवसाच्या पेंगीसह पुरा विकार जडलेला होता. १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं संगीतकार बप्पी लाहिरी यांचें मुंबईंत निधन झालें, तेव्हां रुग्णालयानें कारण म्हणून याच विकाराचें नांव सांगितलें. त्यानंतर कांहीं दिवस तरी लोक घोरण्यावर हंसले नाहींत.

या विकारावरचा प्रमुख उपाय म्हणजे सीपॅप नांवाचें यंत्र. सिडनी विद्यापीठांतील डॉ. कॉलिन सुलिवन यांनीं १९८० मध्यें तें प्रथम वापरलें व १९८१ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत त्याची हकीकत छापली. तत्त्व इतकें सोपें कीं आधीं कोणास कसें सुचलें नाहीं याचें नवल वाटावें. एक लहानसा पंखा खोलींतील हवा ओढून घेतो व नळीवाटे नाकावरील मुखवट्यांत किंचित् दाबानें सोडतो. त्या दाबानें घशाची वाट आंतून फुगलेली राहते, मिटत नाहीं. दाब असतो पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका. पेल्यांतील पाण्यांत नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवून फुंकर मारली असतां बुडबुडा निघण्यास जेवढा जोर लागतो, तेवढाच हा जोर. यंत्रांत औषध नाहीं, प्राणवायूची टांकी नाहीं, खोलींतलीच हवा. म्हणूनच खोलींतली हवा व यंत्राची स्वच्छता यांना इतकें महत्त्व आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. हें महाग यंत्र मोठ्या उमेदीनें घरीं येतें आणि पुष्कळदां महिन्यादोन महिन्यांत माळ्यावर जाऊन बसतें. कारण विचारावें तर उत्तर बहुधा ठरलेलें : नाक चोंदतें, शिंका येतात, कपाळ दुखतें, “मला सायनसचा त्रास आहे, मला हें मानवणार नाहीं.” त्रास खरा असतो, निष्कर्ष मात्र बहुतेक वेळां चुकीचा असतो. तो कसा, हें समजण्यासाठीं नाक काय काम करतें तें पाहिलें पाहिजे.

नाक ही नुसती वाट नव्हे. बाहेरची हवा फुप्फुसांत पोंचेपर्यंत ती ३७ अंश उष्ण व आर्द्रतेनें पूर्ण भरलेली व्हावी लागते. अशा एक घनमीटर हवेंत सुमारें ४४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. रत्नागिरीच्या श्रावणांत, जेव्हां कपाटांतल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते व मिठाच्या बरणींत पाणी सुटतें, तेव्हांच्या हवेंतदेखील, २६ अंश उष्णतेला व शेंकडा ९० आर्द्रतेला, घनमीटरमागें २२ ग्रॅमच वाफ असते. म्हणजे आपल्या या चिंब हवेलाही उरलेलें निम्में पाणी नाकाला द्यावेंच लागतें. तीच खोली वातानुकूलित करून २२ अंशांवर आणली कीं हवेंत दहा ग्रॅमच्या आसपासच वाफ उरते, आणि नाकावरचा बोजा दीडपट होतो. “कोंकणांत कसला कोरडेपणा !” असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब जरूर करून पाहावा.

हा बोजा नाक एरवीं हंसतमुखानें वाहतें, कारण त्याची एक काटकसरीची रीत आहे. श्वास सोडतांना बाहेर जाणाऱ्या ओलसर हवेंतली कांहीं वाफ व ऊब तें परत घेतें. यंत्र लावलेला मनुष्य झोंपेंत तोंड उघडें टाकतो तेव्हां ही रीत मोडते. दाबानें आलेली हवा नाकांतून आंत शिरते व तोंडावाटे सरळ निघून जाते. जातांना ती नाकाला कांहींच परत देत नाहीं. एकाच दिशेनें वाहणाऱ्या या वाऱ्यानें नाकाची आंतली त्वचा सुकते, चिडते आणि सुजते. नाक सुजलें कीं श्वास कोंडतो, श्वास कोंडला कीं तोंड अधिकच उघडतें. सकाळीं जीभ टाळ्याला चिकटलेली व नाक बंद, अशी स्थिति होते आणि दोष यंत्राच्या माथीं बसतो.

म्हणून अशा रुग्णानें पहिला प्रश्न विचारावा तो “यंत्र सोडूं का ?” हा नव्हे, “माझें तोंड उघडें राहतें का ?” हा. घरच्या माणसानें एखाद्या रात्रीं जागून पाहिलें तर उत्तर मिळतें. हल्लींचीं यंत्रें हवा किती गळते याची नोंदही ठेवतात. हनुवटीस पट्टी बांधणें, नाक व तोंड दोन्ही झांकणारा मुखवटा घेणें, मुखवट्याचें माप बदलणें, असे उपाय त्यावर आहेत. यांहून मोठा उपाय म्हणजे यंत्राला जोडलेली ऊन पाण्याची टांकी. तिच्यांतील कोंबट पाण्यावरून हवा जाते व वाफ घेऊन येते. ज्याचें नाक सुकतें त्यानें ती लावल्यावांचून यंत्र नाकारूं नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पाणी फार तापवलें व खोली थंड असली तर नळींत वाफेचें पाणी होतें, गुळगुळ आवाज येतो आणि पहांटे नाकावर थेंब पडून मनुष्य दचकून उठतो. अशा वेळीं ऊब एक पायरी कमी करावी, नळीवर कापडी गवसणी चढवावी आणि यंत्र बिछान्याच्या पातळीच्या खालीं ठेवावें, म्हणजे पाणी उतरून टांकींतच परत जाईल. भर पावसाळ्यांत खिडकी उघडी टाकून निजणाऱ्यास पाण्याची ऊब बरीच कमी पुरते. हा आंकडा वर्षभर एकच ठेवण्यांत शहाणपण नाहीं. ऋतु बदलला कीं तोही बदलावा.

सायनस म्हणजे नाकाभोंवतालच्या हाडांतील पोकळ्या. गालांत, कपाळांत, दोन डोळ्यांच्या मध्यें आणि त्यांच्याही मागें खोल, अशा त्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांची दारें अतिशय अरुंद असून नाकांत उघडतात. नाकाची त्वचा सुजली कीं दारें मिटतात, आंतील स्राव सांचतो, ठणका लागतो. यंत्राचा वारा जंतूंना या पोकळ्यांत ढकलतो अशी पुष्कळांची भीति असते. परंतु यंत्रामुळें सायनसचा संसर्ग हटकून वाढतो असें सिद्ध झालेलें नाहीं. बहुतेकांचा त्रास हा सुजेचा व कोरडेपणाचा असतो. शिवाय कपाळाचें प्रत्येक दुखणें सायनसचें नव्हे. पुष्कळशीं अर्धशिशीचीं दुखणीं या नांवाखालीं वर्षानुवर्षें खपतात, आणि खुद्द श्वासाच्या या विकारामुळेंही सकाळीं डोकें दुखतें, तें तर यंत्र लावल्यानेंच थांबतें !

तथापि स्वच्छतेची हयगय चालेल असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. २०२१ च्या उन्हाळ्यांत काळ्या बुरशीच्या रोगानें महाराष्ट्रांत किती घरें हवालदिल केलीं, हें आपण विसरलेलों नाहीं. करोनांतून उठलेल्या रुग्णांच्या सायनसमध्यें ती शिरे व डोळ्यापर्यंत जाई. त्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितलें. मुख्य कारणें ताब्यांत नसलेला मधुमेह व स्टेरॉईड औषधांचा बेसुमार वापर हीं होतीं. परंतु प्राणवायूच्या उपकरणांत निर्जंतुक पाणीच वापरावें, अशी सूचनाही त्या वेळीं देण्यांत आली होती. घरच्या यंत्रावर जो डाग दिसतो तो त्या रोगाचाच, असें समजून घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र मधुमेही माणसानें टांकींतल्या पाण्याकडे दुर्लक्ष करूं नये, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

टांकींत कोणतें पाणी घालावें ? ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यांतील क्षार वाफेबरोबर जात नाहींत, ते तळाशीं बसतात व पांढरा थर धरतो. आणि तो थर जंतूंना आसरा देतो. गाडीच्या बॅटरींत घालावयाचें पाणी क्षारविरहित असलें तरी तें जंतुविरहित असेलच असें नाहीं. औषधाच्या दुकानांतलें घ्यावें. प्रवासांत तें न मिळाल्यास उकळून निवविलेलें पाणी एकदोन रात्रीं चालेल. कोणतेंही पाणी असो, सकाळीं उरलेलें फेंकून द्यावें. “अर्धी टांकी शिल्लक आहे, आजची रात्र निभेल,” हा विचार कोंकणी काटकसरीला शोभतो, पण येथें कामाचा नाहीं.

मुखवट्याची नाकाला टेंकणारी मऊ गादी रोज सकाळीं कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावी. चेहऱ्याचें तेल तिला लागतें, आणि आपल्याकडे खोबरेल तेलाचा हात डोक्यावरून कपाळावर येतोच. तेलानें गादी निसटते, हवा गळते व डोळ्यांवर वारा बसतो. म्हणून निजण्यापूर्वीं तोंड धुणें हा यंत्राच्याच निगेचा भाग समजावा. टांकी रोज विसळून उपडी ठेवावी. नळी व डोक्याचे पट्टे आठवड्यांतून एकदां साबणाच्या पाण्यांत घालावे व भरपूर पाण्यानें खळबळून काढावे. टांकींत क्षार धरले असतील तर एक भाग पांढरें व्हिनेगर व नऊ भाग पाणी असें मिश्रण अर्धा तास भरून ठेवावें; यंत्राच्या पुस्तिकेंत दुसरें प्रमाण दिलें असल्यास तें पाळावें. उकळतें पाणी, स्पिरिट, विरंजक किंवा उग्र वासाचें जंतुनाशक वापरूं नये. त्यानें मुखवट्याची गादी कडक पडते, आणि त्याचा वास रात्रभर आपल्याच नाकांत जातो.

खरी अडचण धुण्याची नसून वाळविण्याची आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे धुतलेलें धोतर दोन दिवस वाळत नाहीं, तर सहा फूट लांबीची नागमोडी नळी कशी वाळावी ? ती कडक उन्हांत टाकूं नये हें खरें, पण तें ऊन आहे कोठें ! नळी सावलींत दोरीवर अशी टांगावी कीं दोन्ही तोंडें खालीं राहतील व पाणी निथळेल. नंतर पाण्याची टांकी काढून ठेवून यंत्र नुसत्या हवेवर दहापंधरा मिनिटें चालवावें. वाहत्या हवेनें आंतला ओलावा निघून जातो. ओली नळी जांभ्याच्या भिंतींतल्या कपाटांत कोंबून ठेवणें म्हणजे बुरशीला पानावर बसविणेंच होय. नळी उजेडाकडे धरून पाहावी. आंत काळे ठिपके दिसले तर घांसत न बसतां नवी घ्यावी.

हवा गाळणारी जी चकती यंत्राच्या पाठीमागें असते, तिचा पुष्कळांना पत्ताच नसतो. कागदी जातीची असेल तर ती धुवावयाची नसते. साधारण महिन्यानें बदलावयाची असते. स्पंजाची असल्यास धुवून पूर्ण वाळवून बसवावी. उदबत्ती, धूप व डांसांची कॉईल यंत्राशेजारीं लावण्याची पद्धत मी बऱ्याच घरांतून पाहिली आहे. त्या धुराचे बारीक कण यंत्र ओढून घेतें आणि ते सगळेच गाळले जात नाहींत. मोहोराच्या दिवसांत बागेंत फवारणी चाललेली असतांना त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी. मच्छरदाणी ही या सर्वांहून चांगली; तिच्यांतून नळी सुखानें आंत येते.

ओझोन वायूनें किंवा अतिनील किरणांनीं यंत्र आपोआप शुद्ध करणाऱ्या पेट्या विकावयास येतात. त्यांची जाहिरात फार मोहक असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०२० मध्येंच अशा पेट्यांविषयीं सावधगिरीची सूचना काढली. कारण ओझोन हा स्वतःच नाकाला व फुप्फुसांना झोंबणारा वायु आहे. १४ जून २०२१ रोजीं फिलिप्स कंपनीनें आपलीं कित्येक यंत्रें परत बोलाविलीं. त्यांत आवाज दबावा म्हणून बसविलेला स्पंज झिजून त्याचे कण हवेच्या वाटेंत येण्याचा धोका होता, आणि ओझोनच्या शुद्धीनें ती झीज वाढूं शकते असें कंपनीनें सांगितलें होतें. जुनें यंत्र स्वस्तांत घेणाऱ्यानें तें त्या परत बोलाविलेल्यांपैकीं तर नाहीं ना, हें क्रमांक जुळवून आधीं पाहावें. साबण व पाणी यांना अजून तरी तोड निघालेली नाहीं.

आतां नाकाच्या निगेविषयीं. नेति ही हठयोगाच्या षट्क्रियांपैकीं एक. ‘हठप्रदीपिके’त सांगितलेली नेति सूत्राची, म्हणजे दोऱ्याची आहे, पाण्याची नेति आज अधिक प्रचारांत आहे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून अशा क्रियांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील सुशिक्षितांना जलनेति परकी राहिलेली नाहीं. मिठाच्या पाण्यानें नाक धुतल्यास यंत्र वापरणाऱ्याला खरोखरीच आराम पडतो. लिटरभर पाण्यास नऊ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घालावें. पाणी मात्र खळखळून एक मिनिटभर उकळून निवविलेलेंच पाहिजे. येथें मी कांहींसा कठोर होणार आहे. २०११ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत नळाच्या साध्या पाण्यानें नाक धुणारे दोघे जण मेंदूच्या संसर्गानें दगावले; पाण्यांतला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेला होता. केरळांत अलीकडे अशाच अमीबाच्या संसर्गाचे रुग्ण आढळले आहेत. असा संसर्ग अत्यंत विरळा, परंतु झाला तर त्यांतून वांचणारे फार थोडे. विहिरीचें पाणी प्यावयास चालतें म्हणून तें नाकांत चालतें, असें समजूं नये. पोटांतलें आम्ल नाकांत नसतें. नेति यंत्र लावण्यापूर्वीं तासभर तरी आधीं आटपावी, म्हणजे पाणी पूर्ण निथळतें.

नाक झटकन् मोकळें करणारे थेंब औषधाच्या दुकानांत सहज मिळतात. ते तीन, फार तर पांच दिवस वापरावे. त्यापुढें थेंब उतरले कीं नाक पूर्वींहून जास्त चोंदतें, आणि मनुष्य त्यांचा बांधील होतो. नाकाच्या ॲलर्जीवर स्टेरॉईडचे फवारे आहेत, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावे. त्यांचा गुण यावयास कांहीं दिवस लागतात. फवारा मारतांना टोंक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवतां बाहेरच्या बाजूस वळवावें, नाहींतर रक्त येतें. पडदा फारच वांकडा असेल किंवा आंत कोंब वाढले असतील तर शस्त्रक्रियेनें यंत्र सोसूं लागतें. तिनें मूळ विकार मात्र क्वचितच जातो, हें आधींच समजून घ्यावें. मुखवट्याच्या कडेला व्हॅसलीन किंवा तेल फांसूं नये.

साधें पडसें आलें म्हणून एकदोन रात्रीं यंत्र बंद राहिलें तर आकाश कोसळत नाहीं; पण अडथळे त्याच रात्रीं परत येतात हें विसरूं नये. अशा वेळीं उशी उंच करावी, कुशीवर निजावें, आणि मद्य किंवा झोंपेची गोळी घेऊं नये. कानांत तीव्र ठणका, थांबत नसलेला घोळणा, एका बाजूचें दुखणें व ताप, डोळ्याभोंवतीं सूज, दृष्टींत फरक, नाकांतून काळपट स्राव, मान ताठणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास यंत्राचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. नाकाची किंवा मेंदूच्या तळाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यानें, अथवा डोक्याला मोठा मार लागलेल्यानें, विचारल्याशिवाय यंत्र लावूं नये.

शेवटीं विजेविषयीं दोन शब्द, कारण हें यंत्र विजेवांचून निव्वळ ठोकळा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कित्येक गांवांत अनेक दिवस दिवा लागला नाहीं. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते आलें. घरीं इन्व्हर्टर असेल तर पाणी तापविणें बंद ठेवून यंत्र चालवावें; पाणी तापविण्यासच वीज अधिक लागते. मग नाक थोडें सुकेल, पण श्वास चालूं राहील. वीज जाऊन यंत्र थांबलें तर मुखवट्यांतील छिद्रांतून हवा येत राहते, तरी तो चढवून पडून राहूं नये, काढून ठेवावा. आणि २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें तशा पुरांत यंत्र बुडालेंच, तर तें वाळवून, पुसून पुन्हां लावण्याचा मोह धरूं नये. पुराचें पाणी ज्याच्या पंख्यांत गेलें तें यंत्र कितीही महाग असलें तरी नाकाला लावण्याजोगें राहत नाहीं. मुखवटा, नळी व चकती त्याच्याचबरोबर टाकून द्यावीं.